मोटारनगरीचे गाणे

'सोल' या इंग्रजी शब्दाचा अर्थ आत्मा असा असला, तरी संगीताच्या इतिहासात तो एका विशिष्ट काळात, एका विशिष्ट समाजात आणि पुष्कळ अंशी कारखान्यांच्या शहरांत घडलेल्या गायनपद्धतीचे नाव आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाने चर्चमधील सामूहिक प्रार्थनागीतांची, म्हणजे 'गॉस्पेल'ची, गायकी आणि 'ब्लूज' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लौकिक दुःखगीतांचा आशय यांचा मेळ १९५०च्या दशकाच्या मध्यापासून घातला. त्यातून हे संगीत उभे राहिले, आणि पुढील दोन दशकांत डेट्रॉइट, मेम्फिस, शिकागो, फिलाडेल्फिया या शहरांत मुद्रित झालेल्या त्याच्या गाण्यांना आज 'क्लासिक सोल' म्हटले जाते. त्याच्याही मागे असलेल्या जुन्या धारांना, म्हणजे शेतमजुरांच्या हाकाऱ्यांपासून निघालेला ब्लूज, डोंगराळ भागातील फिडल-बँजोची गाणी, कंट्री, गॉस्पेल यांना मिळून 'अमेरिकन रूट्स म्युझिक', म्हणजे मूळधारेचे संगीत, असे नाव पुढे रूढ झाले. या दोन्ही प्रवाहांना गुरुस्थानी मानून नवे गाणे रचणाऱ्या कलावंतांची एक पिढी आज जगभर आहे, मुंबई-पुण्यातही आहे. आणि तिचा विचार पुण्याजवळच्या ताथवड्याच्या बाजूने करण्यास सबळ कारण आहे.

ताथवडे हे मुळशी तालुक्यातील गाव मुंबई-बंगळूर महामार्गाला लागून आहे आणि २००९ मध्ये ते पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. पशुसंवर्धन खात्याचे वळूमाता प्रक्षेत्र ही ज्या गावाची जुनी ओळख, तेथे आता अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाची महाविद्यालये, विद्यार्थ्यांची वसतिगृहे आणि उंच गृहसंकुलांच्या रांगा आहेत. एका अंगाला हिंजवडीची संगणक-उद्योगाची वसाहत, दुसऱ्या अंगाला पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी हा जुना कारखानदारी पट्टा आणि त्यापलीकडे तळेगाव-चाकणचा नवा पट्टा, अशा जागी हे गाव सापडले आहे. हा सारा टापू मोटारींचा आहे. बजाज आणि टाटा या नावांनी त्याची सुरुवात झाली, चाकणला महिंद्रा, फोक्सवॅगन आणि मर्सिडीज आल्या, आणि तळेगावला २००८ मध्ये जनरल मोटर्स या खुद्द डेट्रॉइटच्या कंपनीने कारखाना उघडला, जेथील उत्पादन २०२० च्या डिसेंबरात थांबले आणि जो पुढे ह्युंदाईने विकत घेतला. या पट्ट्याला डेट्रॉइटची उपमा अधूनमधून दिली जाते, ती देणाऱ्यांच्या मनात मोटारींची संख्या असते. डेट्रॉइटने मोटारींइतकेच टिकाऊ असे जे दुसरे उत्पादन जगाला दिले, ते मात्र या उपमेत कधीच येत नाही.

ते दुसरे उत्पादन म्हणजे 'मोटाऊन', मोटार आणि टाउन या दोन शब्दांच्या जोडाने झालेले एका ध्वनिमुद्रिका कंपनीचे नाव. तिचा संस्थापक बेरी गॉर्डी हा १९५०च्या दशकात फोर्ड कंपनीच्या लिंकन-मर्क्युरी कारखान्यात असेंब्ली लाइनवर काम करत होता. एका टोकाने उघडा सांगाडा आत येतो, प्रत्येक ठिकाणी एकेक माणूस आपले ठरलेले काम करतो आणि दुसऱ्या टोकाने तयार गाडी बाहेर पडते, ही रीत गाण्यालाही लावता येईल, असे त्याला वाटले. घरच्यांकडून घेतलेल्या ८०० डॉलरच्या कर्जावर त्याने जानेवारी १९५९ मध्ये कंपनी सुरू केली आणि वेस्ट ग्रँड बुलेव्हार्ड या रस्त्यावरील एका साध्या घरात मुद्रणशाळा थाटली. गीतकार-संगीतकारांची जोडी गाणे रचून देई, 'फंक ब्रदर्स' या नावाने ओळखला जाणारा जॅझमध्ये मुरलेल्या वादकांचा ताफा त्याला आकार देई, गायकांना चालणे-बोलणे आणि रंगमंचावरील हालचाली शिकवण्यासाठी स्वतंत्र शिक्षक असत, आणि तयार गाणे बाजारात पाठवायचे की नाही, हे ठरवण्यासाठी दर आठवड्याला बैठक होई. तिला कारखान्यातलेच नाव होते: क्वालिटी कंट्रोल. मोटारीतल्या रेडिओवर गाणे कसे ऐकू येईल, हे पाहण्यासाठी ते लहानशा ध्वनिक्षेपकावर वाजवून पाहिले जाई. या पद्धतीत माणूस यंत्राचा सुटा भाग होण्याचा धोका होता आणि तो खराही ठरला, कारण फंक ब्रदर्सची नावे कितीतरी वर्षे तबकड्यांवर छापलीच गेली नाहीत, ती १९७१ मध्ये मार्विन गे याच्या संग्रहावर प्रथम ठळकपणे आली. तथापि त्याच पद्धतीतून जेम्स जेमर्सनसारखा बेसवादक पुढे आला, ज्याने उजव्या हाताच्या एकाच बोटाने तारा छेडत बेस गिटारला, म्हणजे खर्जाच्या चार तारांच्या गिटारला, केवळ आधारस्वर देण्याच्या कामातून सोडवून गाण्यातली दुसरी गायिका बनवले.

डेट्रॉइटमध्ये हे का घडले, याचे उत्तर कारखान्याच्या आत अर्धेच सापडते. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय माणसे अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापसाची शेते सोडून उत्तरेकडील आणि पश्चिमेकडील शहरांत गेली. या स्थलांतराला तेथील इतिहासात 'ग्रेट मायग्रेशन' म्हणतात. ही माणसे शहरात येताना आपले चर्च बरोबर घेऊन आली. अरेथा फ्रँकलिनचे वडील सी. एल. फ्रँकलिन हे डेट्रॉइटच्या न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे धर्मोपदेशक होते, आणि अरेथाच्या आवाजातील जी झेप श्रोत्याला आजही हलवते, ती त्या चर्चच्या वेदीसमोर लहानपणीच तयार झाली होती. तिथल्या गाण्याचा गाभा 'हाक आणि प्रतिसाद' या रीतीत आहे: एकाने ओळ म्हणायची, मंडळीने ती झेलायची, परत फेकायची, आणि या देवघेवीत लय चढत जाऊन अखेरीस गाणारा आणि ऐकणारा हा भेद उरू द्यायचा नाही. १९५४ मध्ये रे चार्ल्सने हीच रीत, हाच आवाजातला कंप आणि हेच आर्जव ईश्वराऐवजी प्रेयसीसाठी वापरले, तेव्हा धार्मिक लोकांनी त्यास पाखंड म्हटले. सोल संगीताचा आरंभ बहुतेक अभ्यासक तेथेच मानतात. यंत्राची शिस्त शहराने दिली, पण त्या शिस्तीत ओतण्याजोगे काही त्या माणसांपाशी आधीच होते, आणि ते प्रार्थनेतून आले होते.

या संगीताचे आजचे वारस दोन वाटांनी आले. पहिली वाट नादाच्या पुनर्निर्मितीची. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात २००१ मध्ये स्थापन झालेल्या 'डॅपटोन' या छोट्या कंपनीने संगणकावरील मुद्रण टाळून जुन्या पद्धतीची चुंबकीय फीत वापरली आणि सर्व वादकांना एकाच खोलीत बसवले. त्यामुळे एकाचा आवाज दुसऱ्याच्या ध्वनिग्राहकात थोडा झिरपतो, आणि जुन्या तबकड्यांची जी ऊब वाटते ती बरीचशी या झिरपण्याची आहे. तेथील शेरॉन जोन्स ही गायिका पूर्वी रायकर्स आयलंडच्या तुरुंगात रक्षक होती आणि तिचा पहिला संग्रह चाळिशी ओलांडल्यावर, २००२ मध्ये आला; चार्ल्स ब्रॅडली याने आचाऱ्याची नोकरी करत आणि जेम्स ब्राउनची नक्कल करत आयुष्य काढले आणि त्याचा पहिला संग्रह २०११ मध्ये, वयाच्या ६२ व्या वर्षी निघाला. डॅपटोनच्याच ताफ्यातील वादकांनी ॲमी वाइनहाउसच्या २००६ च्या 'बॅक टू ब्लॅक' या संग्रहात वाजवले आणि सोलचा जुना नाद पुन्हा जगभर पोहोचला. टेक्सासचा लिऑन ब्रिजेस, अलाबामा शेक्स हा ताफा, लंडनचा मायकेल किवानुका हे सर्व त्यानंतरचे. दुसरी वाट मुळांच्या शोधाची, आणि तिच्यावर रिआनन गिडन्स हे नाव सर्वांत पुढे आहे. बँजो हे वाद्य आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी अमेरिकेत घडवले, पण शंभर वर्षांत ते गोऱ्या डोंगरी शेतकऱ्यांचे वाद्य म्हणून ओळखले जाऊ लागले आणि कृष्णवर्णीय समाजानेही ते परके मानले. गिडन्स आणि तिचे सहकारी उत्तर कॅरोलायनातील जो थॉम्पसन या अतिशय वृद्ध कृष्णवर्णीय फिडलवादकाच्या घरी नेमाने जाऊन ती गाणी त्याच्यासमोर बसून शिकले आणि त्यातून 'कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स' हा ताफा निर्माण झाला. २०२३ मध्ये 'ओमर' या ऑपेरासाठी गिडन्सला पुलित्झर पारितोषिक मिळाले. पहिल्या वाटेवरून येणाऱ्या संगीताची गोडी लगेच लागते, पण दुसरी वाट अधिक दूर नेणारी आहे, असे या लेखाचे मत आहे.

महाराष्ट्रात हे संगीत नवे नाही, किंबहुना त्याचा येथील इतिहास सोल या नावापेक्षा जुना आहे. १९३५ मध्ये व्हायोलिनवादक लिऑन ॲबी हा संपूर्ण कृष्णवर्णीय वादकांचा ताफा घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला, पाठोपाठ क्रिकेट स्मिथ हा वादक आणि टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक आले. नरेश फर्नांडिस यांनी 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' या पुस्तकात ही कहाणी सविस्तर मांडली आहे. स्वदेशात ज्यांना गोऱ्यांबरोबर एका मेजावर बसता येत नव्हते, अशा या कलावंतांपासून गोव्याहून आलेल्या वादकांनी स्विंगची, म्हणजे मात्रेला किंचित मागे रेलून वाजवण्याची, कला उचलली. गोव्यातील चर्चच्या शाळांत मुलांना युरोपीय स्वरलिपी शिकवली जाई, त्यामुळे कागदावरचे संगीत ते सहज वाचत. कागदावर न मावणारे जे असते, ते त्यांना ताजमध्ये ऐकायला मिळाले. हळदोण्याचे अँतोनियो झेवियर वाझ, ज्यांना सारी मुंबई चिक चॉकलेट म्हणून ओळखे, ते या परंपरेतले अग्रणी ट्रम्पेटवादक. पुणतांब्याला जन्मलेल्या राम चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, त्यांना सहायक म्हणून घेतले, आणि 'अलबेला' या १९५१ च्या चित्रपटात चिक चॉकलेट आपल्या ताफ्यासह पडद्यावरही दिसतात. अहमदनगर जिल्ह्यातील मराठी संगीतकार, गोव्याचा ट्रम्पेटवादक आणि त्या दोघांच्या मागे उभा असलेला न्यूयॉर्कच्या हार्लेमचा नाद, असा हा तिहेरी संयोग लाखो श्रोत्यांनी हिंदी चित्रगीत म्हणून ऐकला, आणि त्यातला अमेरिकन धागा ओळखण्याची त्यांना गरजही भासली नाही. पुढे मुंबईतच वाढलेल्या आशा पुथली यांनी अमेरिकेत ऑर्नेट कोलमनच्या 'सायन्स फिक्शन' या संग्रहासाठी गायन केले आणि १९७०च्या दशकात सोल आणि डिस्को यांच्या सीमेवरचे संग्रह काढले, ज्यांचे तुकडे पुढच्या पिढीच्या हिप-हॉप कलावंतांनी आपल्या गाण्यांत वापरले.

आजच्या पिढीला या इतिहासाशी जोडणारे ठळक निमित्त म्हणजे २०११ पासून वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत सुरू झालेला महिंद्रा ब्लूज महोत्सव. चाकणला ज्या कंपनीची वाहने तयार होतात, तिच्याच नावाने हा महोत्सव भरतो, एवढा योगायोग येथे नोंदवण्यासारखा आहे. पहिल्याच वर्षी शिकागो ब्लूजचा थोर गिटारवादक बडी गाय तेथे वाजवून गेला, २०१४ मध्ये टेडेस्की ट्रक्स बँड आला. त्यातील डेरेक ट्रक्स हा गिटारवादक बोटात काचेची नळी घालून ती तारेवरून सरकवतो. या 'स्लाइड' पद्धतीत एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधला सारा प्रदेश ऐकू येतो, जसा आपल्याकडे मींडेत येतो, आणि ट्रक्सने स्वतः उस्ताद अली अकबर खाँ यांच्या सरोदवादनाचा प्रभाव मान्य केला आहे. पंडित विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांनी १९९३ मध्ये मोहनवीणा आणि स्लाइड गिटार यांचा जो संवाद प्रसिद्ध केला, त्याला ग्रॅमी मिळाले, त्यामागेही हीच नाळ होती. भारतीय कलावंतांमध्ये शिलाँगच्या रूडी वॉलांग आणि टिप्रिती खारबंगार यांचा 'सोलमेट' हा ताफा २००३ पासून ब्लूज आणि सोल गात आहे आणि २००७ मध्ये तो मेम्फिसच्या आंतरराष्ट्रीय ब्लूज स्पर्धेत भारताच्या वतीने उतरला होता. मुंबईत वॉरन मेंडोन्सा 'ब्लॅकस्ट्रॅटब्लूज' या नावाने केवळ गिटारचे, शब्दांविना बोलणारे संग्रह करतो, तर कांचन डॅनियल हिने आपल्या 'बीअर्ड्स' या साथीदारांसह स्त्रीच्या खुल्या, भरदार आवाजातील ब्लूज मुंबईच्या रंगमंचावर आणला.

पुण्याकडून या प्रवाहात आलेले सर्वांत लक्षणीय नाव म्हणजे 'ईझी वाँडरलिंग्ज'. सन्यंत नारोथ या गीतकार-गिटारवादकाभोवती जमलेला, प्रतीका गोपीनाथ आणि शरद राव यांच्या आवाजांनी ओळखला जाणारा हा समूह असून २०१७ मध्ये त्याचा 'ॲज रिटन इन द स्टार्स' हा पहिला संग्रह निघाला. सोल, लोकगीत आणि स्वप्नाळू पॉप यांच्या मधल्या जागेत ही गाणी वावरतात, बासरी आणि व्हायोलिन त्यांत अधूनमधून झिरपतात, आणि क्लासिक सोलमधील आक्रोशापेक्षा त्यातील दिलासा त्यांनी घेतला आहे, असे ऐकताना जाणवते. पुण्यात २०१० मध्ये सुरू झालेला 'एनएच७ वीकेंडर' हा महोत्सव, कोरेगाव पार्कमधील एबीसी फार्म्सच्या आवारातील शिशा हे जॅझचे जुने ठिकाण, मुंढव्याकडचे हाय स्पिरिट्स अशा जागांनी या कलावंतांना श्रोता मिळवून दिला. यांतील बहुतेक ठिकाणे शहराच्या पूर्व अंगाची आहेत. मुळा-पवनेच्या या काठावर, जेथे कारखाने आहेत, तेथे अशी स्थायी जागा जवळपास उभी राहिली नाही. चिंचवडचे रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, संत तुकारामनगरचे अत्रे रंगमंदिर येथे नाटके आणि सुगम संगीताच्या मैफली होतात, आणि ताथवड्या-वाकडच्या महाविद्यालयांतील गिटार हाती घेतलेली मुले वार्षिक स्नेहसंमेलनापुरती रंगमंचावर येतात.

या संगीताची पारख करताना एक प्रश्न टाळता येत नाही. ही गाणी बहुतेक इंग्रजीत आहेत, आणि त्यात गैर असे काहीच नाही, कारण जी भाषा मनात उमटते तिच्यात गावे हा प्रत्येकाचा अधिकार आहे; शिवाय बासरीवर वा गिटारवर तयारीने वाजणाऱ्या स्वराला भाषेचा परवाना लागत नाही. परंतु सोलची जी खरी किमया होती, ती आपल्या माणसांची प्रार्थना आणि आपल्या माणसांचे श्रम यांचे सूर नव्या शहरात नेऊन त्यांचे लौकिक गाणे करण्याची होती. सोलचा नाद उचलणे ही मोठी साधना आहे आणि आपल्याकडील कलावंतांनी ती प्रामाणिकपणे केली आहे. त्याची रीत उचलणे हे काम मात्र अजून फारसे झालेले नाही. लोकसंख्येच्या दृष्टीने पाहिले तर १९५० मध्ये ऐन भरात असलेले डेट्रॉइट सुमारे साडेअठरा लाखांचे होते आणि २०११ च्या जनगणनेतील पिंपरी-चिंचवड सतरा लाखांच्या पुढचे. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, सातारा-सांगली येथून आणि अलीकडे उत्तर भारतातून आलेल्या माणसांनी ते भरले. त्या माणसांनीही येताना आपले गाणे बरोबर आणले आहे.

त्या गाण्याचा पहिला ठेवा वारकरी भजनाचा. देहू आणि आळंदी ही दोन्ही क्षेत्रे या कारखानदारी पट्ट्याला खेटून आहेत आणि तुकोबांची पालखी देहूहून निघाली की आकुर्डीला मुक्काम करते, म्हणजे जेथे स्कूटरचा कारखाना उभा राहिला त्याच परिसरात. भजनात विणेकरी उभा असतो, मुख्य गायक अभंगाचा चरण सोडतो, टाळकरी ध्रुवपद झेलतात, पखवाजाच्या बोलांबरोबर लय चढत जाते आणि गजराला येईपर्यंत गाणारे कोण आणि ऐकणारे कोण, हे सांगता येत नाही. हाक-प्रतिसादाची वर सांगितलेली रीत हीच आहे. अर्थात साम्य दाखवताना तोल सुटता कामा नये. सोल आणि गॉस्पेलमध्ये चार मात्रांच्या आवर्तनातील दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी पडते, तिला 'बॅकबीट' म्हणतात. आपली टाळी समेला मान देते. तरीही भजनी ठेक्याच्या आठ मात्रांतही आघात सरळ रेषेत पडत नाहीत, काही मात्रेच्या पलीकडे सरकतात, आणि त्या सरकण्यातच पाय उचलण्याची ओढ असते. स्वरांचेही तसेच. ब्लूजमध्ये प्रामुख्याने वापरली जाणारी पाच स्वरांची पंक्ती षड्ज, कोमल गंधार, मध्यम, पंचम आणि कोमल निषाद अशी आहे, आणि हेच पाच स्वर आपल्याकडे धानी रागाचे आहेत. कोमल आणि शुद्ध गंधारांच्या मधोमध डोलणारा ब्लूजचा जो स्वर स्वरलिपीत पकडता येत नाही, त्याची आठवण दोन्ही गंधार घेणारा जोग ऐकताना होते. राग आणि ब्लूज यांचा स्वभाव वेगळा, विस्ताराची पद्धत वेगळी. परंतु ज्याच्या कानात धानी आहे त्याला ब्लूजचे दार परके वाटण्याचे कारण नाही.

गॉस्पेलच्या संदर्भात तर महाराष्ट्रापाशी आणखी थेट दाखला आहे, आणि तो फारसा कोणी विचारात घेत नाही. अमेरिकन मराठी मिशनचे धर्मोपदेशक १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरला आले, त्यांच्याबरोबर अमेरिकेतील स्तोत्रांच्या चालीही आल्या. आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी त्या उसन्या चालींशेजारी ख्रिस्ती भक्तीचे अभंग ठेवले. 'उपासना संगीत' या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहात हे दोन्ही प्रवाह एका बांधणीत आहेत, आणि पुणे-नगर भागातील मराठी चर्चांतून पेटी-तबल्यावर ती गीते गायली जातात. ज्या टिळकांनी परक्या उपासनेला संतांच्या छंदात बोलायला शिकवले, त्यांनी रे चार्ल्सच्या अर्धशतक आधी, उलट्या दिशेने का होईना, तेवढेच धाडस केले होते.

दुसरा ठेवा विद्रोहाचा. कृष्णवर्णीय अमेरिकेशी मराठी मनाचे नाते संगीतापूर्वीच जुळले होते: जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतील सद्गृहस्थांना अर्पण केले, आणि त्यानंतर ९९ वर्षांनी, १९७२ मध्ये, मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली तेव्हा तिचे नाव ब्लॅक पँथरवरून घेतले गेले. साहित्यात हे नाते जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी जोपासले. संगीतात मात्र ते समांतरच राहिले. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा घेऊन त्यात नवा विचार भरला, भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा उभा केला, वामनदादा कर्डक आणि विठ्ठल उमप यांनी तो सूर घराघरांत नेला, आणि या साऱ्यांनी केलेले काम तत्त्वतः तेच होते जे सोलच्या गायकांनी केले: ओळखीच्या चालीत नवा, लौकिक, स्वाभिमानाचा आशय ओतणे. १९६३ मध्ये डेट्रॉइटला मार्टिन ल्यूथर किंग यांनी केलेले भाषण मोटाऊनने तबकडीवर काढले होते, आणि आपल्याकडे भीमजयंतीला वस्त्यावस्त्यांत वाजणारी गाणी हे त्याच जातीचे ध्वनिकार्य आहे. पिंपरी-भोसरीच्या वस्त्यांत ती गाणी वाजतात, ताथवड्याच्या गृहसंकुलांत हेडफोनवर लिऑन ब्रिजेस ऐकला जातो, आणि या दोन श्रोत्यांच्या मधे अवघे काही किलोमीटर आहेत.

सोलच्या आणि रूट्सच्या वाटेने जाऊ पाहणाऱ्या मराठी गायकाला तिसरा ठेवा तर थेट ताथवड्याच्या तालुक्यातच मिळेल. जात्यावर दळताना बायका ज्या ओव्या गात, त्या या प्रदेशाच्या श्रमगीतांचा सर्वांत मोठा साठा आहेत, आणि हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोन अभ्यासकांनी १९८०च्या दशकापासून, मुळशी-मावळच्या डोंगरी गावांतून आरंभ करून, एक लाखाहून अधिक ओव्या टिपून घेतल्या. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल या संगीतशास्त्रज्ञांनी त्यांतील काही हजार ओव्या प्रत्यक्ष गाणाऱ्या बायकांच्या आवाजात मुद्रित केल्या. अमेरिकेत ॲलन लोमॅक्सने शेतांत, तुरुंगांत, ओसरीवर बसून जी लोकगीते मुद्रित केली, त्याच तोलाचे हे काम आहे. लोमॅक्सच्या फितींवरून अमेरिकेतील दोन पिढ्यांनी नवे संगीत केले. आपल्याकडील फिती 'पारी' या ग्रामीण भारताच्या ध्वनि-चित्र संग्रहात २०१७ पासून कोणालाही ऐकण्यासाठी खुल्या आहेत.

त्या ऐकताना लय ठरवणारे वाद्य दिसत नाही, कारण ते वाद्य म्हणजे जातेच. दगडाची घरघर हा खर्ज, खुंट्याला दिलेल्या प्रत्येक वळशाने येणारा आघात हा ताल, आणि त्यावर कोणत्याही श्रोत्यासाठी नसलेला बाईचा आवाज, जो माहेराबद्दल, भावाबद्दल, विठ्ठलाबद्दल आणि बाबासाहेबांबद्दल एकाच चालीत बोलतो. ओळ एकीने सोडायची आणि दुसरीने उचलायची, ही रीत येथेही आहे. विजेच्या गिरण्या आल्यावर जाती थांबली. ज्यांच्या आवाजात हे मुद्रण झाले त्यांतल्या कित्येक आता नाहीत, आणि ज्या आहेत त्यांच्या नातवंडांपैकी कोणी चाकणला पाळीवर जाते, कोणी हिंजवडीला, कोणी ताथवड्याच्या महाविद्यालयात शिकते. जो थॉम्पसनच्या दारात गिडन्स आणि तिचे सोबती गेले तेव्हा तो ऐंशीच्या पुढे होता, आणि तरीही त्याच्या फिडलवर त्यांच्या बँजोची साथ बसायला वेळ लागला नाही.